आधी आडवी, मग उभी

कछ्याओमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने माझी वही हातात घेतली, दोन पाने उलटली आणि एका अक्षरावर नख टेकवून विचारले, "ही मधली रेघ तू शेवटी काढलीस ना?" ती पाने मी आदल्या रात्री माझ्या खोलीत एकट्याने भरली होती. अक्षर 'श्याओ' हे होते, म्हणजे लहान. मध्ये एक उभी रेघ, तिच्या तळाशी डावीकडे वळलेला बारीक आकडा आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटी तिरपी रेघ, एवढाच त्याचा संसार. छापील कित्त्याशेजारी ठेवून पाहिले तरी मला माझ्या अक्षरात काही उणे दिसत नव्हते. बाईंना मात्र त्या वाळलेल्या शाईत माझा हात कोणत्या वाटेने गेला होता ते दिसत होते. ते त्यांना कसे दिसते हा प्रश्न त्या दिवशी मनात बसला, आणि चिनी लिपी शिकण्याचे माझे खरे कारण तोच होऊन राहिला.

मी तिथे गेलो होतो ते वेगळ्याच कामासाठी. मी इचलकरंजीचा. आमच्या घरात आजोबांपासून माग आहेत आणि मागांच्या आवाजात झोप लागणे ही आमच्याकडच्या मुलांची पहिली सवय असते. कापडाच्या व्यापारातल्या एका कंपनीने मला झेजियांग प्रांतातल्या शाओशिंग शहराच्या कछ्याओ भागात पाठवले. तिथला कापडबाजार जगातल्या सर्वांत मोठ्या कापडबाजारांपैकी एक आहे आणि भारतीय व्यापाऱ्यांची तिथे बारमाही वर्दळ असते. बोलण्याचे काम दुभाष्यावर आणि मोबाईलवर निभावत होते. अडत होते ते चिठ्ठ्यांपाशी. गाळ्यातला दुकानदार माल पाठवताना एका पातळ कागदावर ताक्यांची संख्या, रंगाचा क्रमांक आणि मालात काही खोट असेल तर तिची नोंद भराभर हाताने लिहून देई. छापील अक्षरे चटकन ओळखणारा माझा मोबाईल त्या हस्ताक्षरापुढे हात टेकत असे, आणि खोट कसली होती हे मला माल गोदामात उतरल्यावर कळे.

सुरुवात मी मला ठाऊक असलेल्या रीतीने केली. कापडावरची नक्षी विणण्याआधी ती चौकटींच्या कागदावर एकेक घर मोजून उतरवतात. ते काम मी लहानपणी वडिलांशेजारी बसून पाहिले होते. चिनी अक्षरेही मी तशीच उतरवू लागलो. चौकोन दिसला की आधी चौकोन काढायचा, मग त्याच्या पोटात जे असेल ते भरायचे आणि राहिलेल्या रेघा शेवटी जोडून टाकायच्या. अक्षर कुठून सुरू होते असा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण छापलेल्या अक्षराच्या सगळ्या रेघा एकाच वेळी समोर असतात आणि त्यांतली पहिली कोणती हे कागद सांगत नाही.

बाईंना मी 'लाओशी' म्हणत असे. शब्दाचा अर्थ गुरू, पण त्या हाकेतला सूर आपल्या शाळेतल्या 'बाई' या हाकेच्याच जवळचा आहे. त्यांनी उभे आयुष्य प्राथमिक शाळेत घालवले होते आणि लहान वर्गातल्या मुलासारखेच मलाही त्यांनी पहिल्यापासून बसवले. चौकोनी घरांची वही आणली. त्या प्रत्येक घरात एक उभी, एक आडवी आणि दोन तिरप्या अशा तुटक रेघा असतात, आणि त्यांचा आकार तांदळाच्या 'मी' या अक्षरासारखा दिसतो म्हणून त्या घरालाही तांदळाचेच नाव आहे. पहिल्या ओळीत फिक्या लाल रंगात छापलेली अक्षरे गिरवायची, पुढच्या ओळींत ती आपल्या हाताने काढायची. गिरवणे आणि कित्ता हे दोन्ही शब्द मला लहानपणापासून माहीत होते, आणि तिशी ओलांडल्यावर दुसऱ्या देशात, दुसऱ्या लिपीत ते पुन्हा भेटले याचा मला मनापासून आनंद झाला.

मग नियम आले. शाळेतली मुले ते एका सुरात म्हणतात: आधी आडवी, मग उभी, आधी डावा उतार, मग उजवा, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आधी बाहेर, मग आत, आधी मधले, मग दोन्ही बाजूंचे. माझा हात पहिल्याच नियमाला अडला. 'दहा' या संख्येचे अक्षर आपल्या अधिकच्या चिन्हासारखे दिसते, आणि ते काढताना मी प्रत्येक वेळी उभी रेघ आधी ओढत असे. बऱ्याच दिवसांनी त्याचे कारण माझ्या लक्षात आले. मागावर ताणा आधी असतो. उभे धागे बीमवरून ताणून झाल्याशिवाय आडवा धागा जाणार कशातून? तीन पिढ्या ज्या घरात उभे आधी आणि आडवे मागून आले, त्या घरातल्या हाताला हा उलटा क्रम पटत नव्हता. मी हे बाईंना खाणाखुणा करून आणि मोडक्यातोडक्या चिनीत सांगितले, तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल घेऊन 'चिंग' हे अक्षर मोठे करून लिहिले. त्याच्या डाव्या अंगाला रेशमाच्या धाग्याची तीन रेघांची खूण असते. चिंग म्हणजे ताणा, आणि त्यांच्या प्राचीन प्रमाणग्रंथांनाही हेच अक्षर लावतात. त्या दिवसानंतर मी 'दहा' चुकवला नाही.

सर्वांत आवडलेला नियम बंद चौकोनाचा. 'क्वो' म्हणजे देश. त्याच्या चारही बाजूंना भिंती आणि आत पाचूसारख्या मौल्यवान दगडाचे अक्षर. डावी भिंत आधी काढायची, मग वरची आणि उजवी एकाच वळणाने, मग आतले सगळे, आणि खालची आडवी रेघ अगदी शेवटी. मुलांना हे शिकवताना म्हणतात की आधी माणसे आत येऊ द्या, मग दार लावा. पण कापडाचा ताका ज्या अक्षराने मोजतात त्या 'फी'ला हा नियम लागू होत नाही. त्याच्या उजव्या बाजूला भिंतच नाही, म्हणून त्यात आधी छत, मग आतल्या दोन रेघा, आणि डावी भिंत व तळ मिळून होणारी एकच वळलेली रेघ शेवटी येते. हे अक्षर मला दिवसातून पन्नास वेळा लागे, आणि तरीही कित्येक आठवडे मी डावी भिंत आधी बांधून मोकळा होत असे. मग आतल्या रेघांना जागा उरत नसे, त्या दाटीवाटीने उभ्या राहत आणि तळाची रेघ त्यांना टाळत खाली घसरे.

बाईंना माझा क्रम कसा दिसत असे, त्याचे पहिले उत्तर या घसरलेल्या तळात होते. 'लहान' या अक्षराची मधली रेघ आधी काढली की ती घराच्या मध्यावर येते आणि दोन्ही बाजूंच्या रेघा तिच्याकडे पाहून आपापले अंतर ठरवतात. ती शेवटी काढली की आधीच्या दोन रेघांत उरलेल्या जागेत तिला शिरावे लागते, आणि ती जागा क्वचितच मध्यावर असते. 'अग्नी'च्या अक्षरात मध्ये माणसासारख्या दोन उतरत्या रेघा आणि त्यांच्या खांद्यांवर दोन ठिणग्या असतात. आधी दोन्ही ठिणग्या काढायच्या, मग मधल्या रेघा. मी ठिणग्या शेवटी काढत असे आणि त्या चिकटवल्यासारख्या दिसत. दुसरे उत्तर याहून बारीक आहे. रेघ संपताना हात थांबत नाही, तो पुढच्या रेघेच्या आरंभाकडे निघालेला असतो आणि जाता जाता शेपटीसारखी खूण सोडतो. पाण्याशी नाते असलेल्या असंख्य अक्षरांच्या डाव्या अंगाला तीन थेंब असतात. वरचे दोन खाली उतरतात, पण तिसरा तळाकडून उजवीकडे वर चढतो, कारण त्यानंतर हाताला अक्षराच्या उजव्या भागाच्या माथ्यावर जायचे असते. तो थेंब म्हणजे निघालेल्या हाताचे पाऊल आहे. मी तो वरून खाली ओढला की आकार जवळपास तोच दिसे, पण जाड टोक आणि निमुळते टोक यांची अदलाबदल होई, आणि माझा हात कुठेच निघालेला नाही हे बाईंना पहिल्या दृष्टीत कळे.

मराठीत आपण 'वळणदार अक्षर' म्हणतो आणि मुलाला 'वळण लावणे' असेही म्हणतो. वळण हा आकार नव्हे, ती हाताला लागलेली वाट असते. रोज संध्याकाळी एका अक्षराने एक पान भरताना तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत मी नियम आठवत असे, त्यानंतर केव्हातरी आठवणे थांबे आणि हात आपण होऊन पुढच्या रेघेकडे जाऊ लागे. डोळ्यांनी पाठ केलेली अक्षरे मी आठवडाभरात विसरलो. हाताने पाठ केलेली आजही एकदा पहिली रेघ काढली की मागोमाग येतात. मोबाईलवर रोमन लिपीतून उच्चार टंकून अक्षर निवडण्याची सोय झाल्यापासून चिनी माणसांनाही पेन उचलल्यावर अक्षर न आठवण्याचा अनुभव येतो आणि त्याला त्यांच्या भाषेत चार अक्षरांचा शब्दप्रयोगच आहे. बाईंना त्याचे फार वाईट वाटे आणि मला त्यांचे वाईट वाटणे योग्य वाटते.

मध्यंतरी माझ्या मनात एक शंका शिरली आणि तिने मला काही दिवस अस्वस्थ केले. बाजारातल्या एका जपानी खरेदीदाराला मी 'वांग' म्हणजे राजा हे अक्षर लिहिताना पाहिले. तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी. मला शिकवलेला क्रम असा होता: दोन आडव्या, मग उभी, मग तळाची आडवी. त्याने एक आडवी काढली, लगेच उभी ओढली आणि उरलेल्या दोन आडव्या मागून काढल्या. शेताच्या अक्षरातही त्याच्या चौकोनातली उभी रेघ आतल्या आडवीच्या आधी आली. मी चौकशी केली तेव्हा कळले की दोन्ही रीती आपापल्या देशांत शाळेत शिकवलेल्या आहेत. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने 1958 साली शिक्षकांसाठी रेघांच्या क्रमाची मार्गदर्शिका काढली होती. चीनमध्ये 1997 साली 7000 अक्षरांचा क्रम अधिकृतपणे ठरवला गेला, 2013 च्या प्रमाण यादीत 8105 अक्षरे आली आणि त्या सर्वांच्या क्रमाचा नवा नियम 1 मार्च 2021 पासून लागू झाला. म्हणजे क्रम अक्षराच्या पोटातून आलेला नाही, तो माणसांनी ठरवला आहे. मग एवढा आग्रह कशासाठी, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तो ज्यांच्यासाठी लिहितो ते त्याचा हात ओळखतात. तू आमच्यासाठी लिहितोस."

या उत्तरापाशी मी बराच थांबलो, आणि अजूनही मला त्याहून चांगले उत्तर सापडलेले नाही. ठरवून घेतलेला क्रम एकदा सगळ्यांचा झाला की त्यावर किती गोष्टी उभ्या राहतात हे मग जागोजागी दिसू लागले. सगळ्या रेघा पाच जातींत बसवतात: आडवी, उभी, डावा उतार, ठिपका आणि वळलेली. 1 ते 5 या पाच कळांवर रेघा क्रमाने दाबून मोबाईलवर अक्षर आणता येते, आणि प्रमाण उच्चाराशी फारसे न जमलेले बाजारातले म्हातारे हमाल तसेच संदेश लिहीत. समित्यांच्या याद्यांत नावे आडनावाच्या रेघांच्या संख्येने लावतात. संख्या सारखी आली तर पहिली रेघ कोणत्या जातीची ते पाहतात. 8 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंग ऑलिंपिकच्या संचलनात परंपरेप्रमाणे ग्रीस पुढे होता आणि त्याच्या मागोमाग गिनी आला, कारण गिनीच्या चिनी नावाचे पहिले अक्षर दोनच रेघांचे आहे. इंग्रजी वर्णक्रमात नेहमी आरंभी येणारा ऑस्ट्रेलिया त्या रात्री जवळजवळ शेवटी चालला. त्याचे पहिले अक्षर पंधरा रेघांचे.

दरम्यान चिठ्ठ्या उलगडू लागल्या होत्या. घाईत लिहिणारा माणूस रेघा गाळत नाही, तो त्या एकमेकींत ओवतो. पाण्याचे तीन थेंब एकाच मुरडलेल्या रेघेत उतरतात, चौकोनाचे कोपरे गोल होतात, चालण्याची खूण म्हणजे तळाशी एक लाट उरते. आकार शोधणाऱ्याला तिथे गुंता दिसतो, पण सुताचा गुंता सोडवणाऱ्याला ठाऊक असते की टोक सापडले की धागा आपोआप येतो. ओवणे नेहमी क्रमानेच झालेले असते, म्हणून ज्याच्या हाताला तो क्रम माहीत आहे त्याला डावीकडे वर टोक सापडते आणि तिथून बोट फिरवत गेले की अक्षर सुटे होते. चुकीच्या क्रमाने शिकलेला मी हीच अक्षरे छापील रूपात वाचू शकत होतो आणि चिठ्ठीत वाचू शकत नव्हतो, त्याचे कारण एवढेच होते.

शाओशिंगजवळ लानथिंग नावाचे ठिकाण आहे. इ.स. 353 च्या वसंतात, तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, वांग शीची या श्रेष्ठ सुलेखनकाराने तिथे चाळीसच्या वर मित्रांना जमवले होते. वळणावळणाच्या ओढ्यात मद्याचे पेले सोडले, पेला ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करायची असे ठरले, आणि त्या कवितांना प्रस्तावना म्हणून वांगने 28 ओळींत 324 अक्षरे लिहिली. मूळ कागद उरलेला नाही. थांग राजघराण्याच्या काळातल्या नकला उरल्या आहेत. त्यात 'ची' हे एक साधे अक्षर वीस वेळा आले आहे आणि ते प्रत्येक वेळी वेगळे दिसते. प्रस्तावनेचे पहिलेच अक्षर 'योंग' आहे, म्हणजे नित्य. आजच्या मोजणीने ते पाच रेघांचे, पण कुंचल्याच्या आठ मूलभूत हालचाली त्या एकात सापडतात असे मानतात, म्हणून सुलेखनाच्या पहिल्या धड्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच अक्षर काढून घेतात.

बाईंबरोबर मी एप्रिलमध्ये तिथे गेलो. वांगच्या मुलाने अठरा रांजण पाणी संपेपर्यंत लिहिण्याचा सराव केला अशी गोष्ट सांगतात, आणि तिची आठवण म्हणून तिथे रांजण मांडलेले आहेत. कुंचला पाण्यात बुडवून दगडावर कुणीही लिहावे. मी 'योंग' लिहिले: वरचा ठिपका, मग आडवी सुरू होऊन खाली वळून आकड्यात संपणारी, मग डावीकडची, मग उजवीकडचे दोन उतार. ऊन चांगले होते. मी बाजूला होऊन पाहत राहिलो आणि माझ्या डोळ्यांदेखत आधी ठिपका विरला, मग मधल्या रेघेचा माथा, मग तिचे उभे अंग, आणि शेवटी काढलेला उजवा फराटा सर्वांत शेवटी गेला. मी ज्या क्रमाने लिहिले होते त्याच क्रमाने अक्षर दगडावरून उठून गेले. बाईंनी माझ्याकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि माझ्या हातातला कुंचला घेऊन शेजारच्या दगडावर तेच अक्षर त्यांनी लिहिले.

त्या दिवाळीत मी इचलकरंजीला आलो तेव्हा कपाटातले पणजोबांचे मोडी कागद बाहेर काढले. त्यांत काय आहे हे घरात कुणाला सांगता येत नाही. वडिलांनी मोडीची मुळाक्षरे एकदा पाठ केली होती, तरी कागद त्यांना लागला नव्हता. आपल्या बाळबोध अक्षरावर आपण शिरोरेषा शेवटी देतो. मोडी लिहिणारा ती ओळभर आधी ओढून ठेवतो आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबवत जातो. दोन शब्दांत जागा सोडत नाही, ऱ्हस्वदीर्घाची तमा बाळगत नाही. मी कोरडे बोट घेऊन ओळीच्या डाव्या टोकापासून पणजोबांच्या हातामागून जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मला 'सदरहू' एवढा एकच शब्द सुटला. तो सुटला तेव्हा मी वडिलांना हाक मारली, आणि आम्ही दोघांनी तो आळीपाळीने बोटाने पुन्हा लिहून पाहिला. तिथून पुढे मोडी नीट शिकण्याचे काम मी हाती घेतले आहे; ते सावकाश चालले आहे.

चिनी मुलांना शाळेत बोटाने हवेत लिहायला लावतात. बाई मला तेही करायला लावत आणि मला ते निरर्थक वाटे, कारण हवेत काहीच उरत नाही. दिवाळीनंतर कछ्याओला परतल्यावर दोन महिन्यांनी मी तिथल्या एका विणाई शेडवर गेलो होतो. साठ ताक्यांच्या मालाबरोबर आलेल्या चिठ्ठीत खोटीची नोंद होती आणि कागद भिजल्यामुळे नेमके तेच अक्षर पसरले होते. शेडमधला जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारागीर, म्हातारा होता, शाओशिंगच्या बोलीशिवाय काही बोलत नव्हता, आणि मागांच्या आवाजात तेही ऐकू येणे शक्य नव्हते. त्याने हाताने थांबण्याची खूण केली, समोरून उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, म्हणजे मला उलटे दिसू नये, आणि डावा तळवा उघडून त्यावर उजव्या बोटाने लिहू लागला. एक थेंब, दुसरा थेंब, तिसरा खालून वर चढला. पाणी, किंवा पाण्यासारखे काही पातळ. मग चौकोनाची डावी भिंत, वरची आणि उजवी एका वळणात, आत एक आडवी. इथवर ते शेतही असू शकत होते. पण पुढची उभी रेघ त्याने चौकोनाच्या वरून, बोटांच्या मुळापासून सुरू केली आणि खाली आणली. तेल. खालची आडवी रेघ ओढून दार लावणे अजून राहिले होते, तेवढ्यात मी मान वर करून तिसऱ्या मागाच्या वरच्या दांड्याकडे बोट दाखवले.